अंटार्क्टिकाला फिरायला जावं का? तिथला बर्फ, तिथली जमीन आणि माणसाचा वावर

भूगोलाच्या_बाई

नमस्कार मंडळी,

आमच्या ओळखीतलं एक जोडपं येत्या डिसेंबरात अंटार्क्टिकाच्या सफरीला निघालंय. मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून त्यांनी मला सरळ विचारलं, "बाई, आम्ही गेल्यानं तिथं कुणाचं काय बिघडणार? नुसता बर्फच तर आहे." फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून धागा काढलाय. त्यांनाही लिंक पाठवलीय.

आधी ती जागा कशी आहे ते बघू. अंटार्क्टिका हा सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा खंड आहे, भारताच्या चौपटीहून मोठा. त्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ आहे, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरवर आहे आणि त्यातली बहुतेक उंची बर्फाचीच आहे. व्होस्तोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं.

मुलांना सगळ्यात खोटी वाटते ती गोष्ट म्हणजे हा खंड वाळवंट आहे. पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर आपला सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून गणला जातो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षभरात जो हिम पडतो त्याचं पाणी केलं तर ५० मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण पडलेलं वितळत नाही. थरावर थर दाबले जातात आणि लाखो वर्षांनी त्याचा एवढा ढीग होतो. तिथं भोक पाडून काढलेल्या बर्फात आठ लाख वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली सापडली आहे.

हा ढीग एका जागी स्वस्थ बसलेला नसतो. ताटात ओतलेली काकवी जशी मधून कडेकडे पसरते, तसा हा बर्फ स्वतःच्याच वजनानं समुद्राकडे सरकत असतो. कडेला पोचल्यावर तो पाण्यावर तरंगायला लागतो. त्या तरंगत्या पट्ट्यांना हिममंच म्हणतात. हे मंच मागच्या बर्फाला रेटून धरतात. मंच मोडला की मागच्या हिमनद्या वेगानं पुढे येतात. २००२ साली 'लार्सन बी' नावाचा मंच काही आठवड्यांत फुटला, जवळजवळ ३,२५० चौरस किलोमीटर, आणि त्यामागच्या हिमनद्यांचा वेग खरोखरच वाढला.

आता मुद्द्याचं. एवढ्या मोठ्या खंडावर बर्फ नसलेली उघडी जमीन अर्धा टक्कासुद्धा नाही. शेवाळ, दगडफूल, बारीक किडे, पेंग्विनच्या बऱ्याचशा वसाहती, हे सगळं त्या अर्ध्या टक्क्यात. आणि माणसाला केंद्र बांधायला, बोट लावायला, उतरून फोटो काढायला जागा लागते तीही तिथेच. नकाशावर खंड भलामोठा दिसतो, पण भांडण त्या चिमूटभर जमिनीवरचं आहे.

तिथे सपुष्प वनस्पती दोनच, एक गवत आणि एक गादीसारखी पसरणारी छोटी वनस्पती. वर्षभर जमिनीवरच राहणारा सगळ्यात मोठा प्राणी कोणता असेल? पेंग्विन नाही, तो समुद्रावर जगतो. तो मान एका बिनपंखी चिलटाला जातो, लांबी जेमतेम २ ते ६ मिलिमीटर. त्याची अळी मोठी व्हायला दोन वर्षं घेते. शेवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. त्यावर बुटाचा ठसा उमटला तर तो भरायला कित्येक दशकं जातात. थंडीमुळे तिथं काही कुजत नाही, वाढत नाही आणि बुजतही नाही. कोरड्या दऱ्यांत भरकटून मेलेल्या सीलची कलेवरं शेकडो वर्षं तशीच पडून आहेत.

म्हणून "नुसता बर्फच तर आहे" हे मला पटत नाही. तुमचं काय मत?

होटगी_रोड

बाई, माहिती लई भारी दिलीत. पण एक शंका आहे. आषाढीला आपल्या पंढरपुरात एका दिवसात लाखो माणूस येतं. अंटार्क्टिकाला वर्षाला किती जातात? एवढ्या मोठ्या खंडाला त्याचं काय वाटणार ओ?

भूगोलाच्या_बाई

@होटगी_रोड, शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला सहा-सात हजार पर्यटक जायचे. २०२३-२४ च्या हंगामात हा आकडा १ लाख २० हजारांच्या वर गेला. त्यातले काही नुसते जहाजावरून बघून परततात, पण बरेच जण उतरतात.

आणि ते खंडभर पसरत नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे जो लांब द्वीपकल्प गेलाय, बहुतेक सगळी जहाजं तिथेच जातात, कारण अर्जेंटिनातल्या उश्वायाहून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडली की दोनेक दिवसांत ते गाठता येतं. त्यातही उतरण्याजोग्या जागा मोजक्या. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नेमका हाच पेंग्विनचा अंडी घालून पिल्लं वाढवायचा काळ आहे. पंढरपूरला वारी झाली की चंद्रभागेचं वाळवंट पुढच्या पुरात धुऊन निघतं. तिथं धुऊन काढणारं काहीच नाही.

माळढोक_आणि_मी

फार वेळेवर धागा काढलात ताई. "तिथं काही नाही" हे वाक्य आम्ही सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळाबद्दल वर्षानुवर्षं ऐकतोय.

गवताळ माळ सरकारदप्तरी पडीक. झाड नाही म्हणजे काहीच नाही, अशी समजूत. मग कुणी म्हणतं झाडं लावा, कुणी म्हणतं नांगरा, कुणी म्हणतं प्लॉट पाडा. माळावर ग्लिरिसिडिया लावला गेला, चांगल्या हेतूनंच लावला असेल, पण माळढोकाला दूरवर नजर पोचेल असं उघडं रान लागतं. काळवीट, लांडगा, धाविक, सगळे त्या 'पडीक' जमिनीचे. १९७९ साली अभयारण्य झालं. आज माळढोक एखादा दिसला तर दिसला.

माझ्या लेखी अंटार्क्टिकाचा धोकाही हाच आहे. ज्या जागेत माणसाला स्वतःच्या उपयोगाचं काही दिसत नाही ती जागा आपण रिकामी धरून चालतो, आणि रिकाम्या जागेला इजा होत नाही असं मानतो. तिथलं चिलट आणि आमच्याकडचा माळावरचा नाकतोडा, दोघांचीही बाजू घ्यायला कुणी येत नाही.

सिद्धेश्वर_पेठ

+१. माळाबद्दल शंभर टक्के सहमत.

फिटर_काका

मी जास्त लिहिणारा माणूस नाही, पण या विषयावर राहवलं नाही. मूळचा अक्कलकोट तालुक्यातला. काही वर्षांमागे उन्हाळी तुकडीबरोबर आपल्या 'मैत्री' केंद्रावर गाड्यांच्या दुरुस्तीला होतो. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, डिसेंबर-जानेवारी, आणि सूर्य मावळतच नाही.

मैत्री १९८९ पासून चालू आहे. शिरमाकर नावाच्या टापूत आहे, सगळा उघडा खडक, पस्तीसेक चौरस किलोमीटर, त्यात शंभराच्या वर लहानमोठी तळी. त्याआधीचं 'दक्षिण गंगोत्री' हिममंचावर बांधलं होतं, ते बर्फाखाली गाडलं जायला लागलं म्हणून १९९० मध्ये सोडावं लागलं. जहाज जिथं लागतं तिथून मैत्री शंभरेक किलोमीटर आत. सामान पिस्टन बुली म्हणून पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या असतात त्यांनी ओढायचं.

आता डिझेलचं सांगतो, कारण तिथलं सगळं जगणं डिझेलवर. वीज त्यावर, ऊब त्यावर, पाणी वितळवणं त्यावर. आपल्याकडं गॅरेजमध्ये तेल सांडलं की माती टाकतो, पाय फिरवतो, झालं. तिथं ड्रममधून टाकीत तेल घेताना खाली ट्रे ठेवल्याशिवाय नळी जोडायची नाही. तरी वाऱ्याच्या झोतानं नळीच्या तोंडातून चार थेंब उडतातच. मग तो पिवळा पडलेला बर्फ फावड्यानं खरवडून वेगळ्या ड्रममध्ये भरायचा, ड्रमवर लिहायचं आणि तो ड्रम जहाजानं परत आणायचा. तेल पुसलेल्या चिंध्या, फिल्टर, जुनी बॅटरी, सगळं परत. पहिल्या दिवशी मला हे जरा अति वाटलं. मग एका जुन्या जागेवरची माती बघितली. वरून खडी दिसते, बोटानं उकरली की डिझेलचा वास. विचारलं तर कळलं, ते सांडून वर्षं लोटली होती. खाली जमीन गोठलेली असते, तेल खोल जिरत नाही, आडवं पसरत राहतं. आणि थंडीत ते खाणारे जिवाणूही हळू काम करतात.

त्यानंतर माझा हात आपोआप जपून चालायला लागला. अजून गावाकडं ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना खाली घमेलं ठेवतो.

भूगोलाच्या_बाई

काका, यापेक्षा चांगला धडा मी वर्गात देऊ शकत नाही. तुमची परवानगी असेल तर मुलांना वाचून दाखवीन.

फिटर_काका

खुशाल दाखवा बाई.

आकाश_एमएस्सी

काकांच्या प्रतिसादावरून एक मुद्दा मांडावासा वाटतो. सगळा दोष पर्यटकांवर टाकणं बरोबर नाही. शास्त्रज्ञांची केंद्रंही वर्षानुवर्षं घाण करत होती.

सुरुवात तर शिकाऱ्यांनी केली. १८१९ मध्ये दक्षिण शेटलंड बेटं सापडली आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत तिथले फर सील जवळपास संपवले गेले. १९०४ पासून दक्षिण जॉर्जिया बेटावर देवमाशांचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात २० लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. दक्षिणेकडचा निळा देवमासा, जो कधी दोन लाखांच्या वर होता, तो काही शेकड्यांवर आला होता. म्हणजे मुख्य भूमीवर माणूस नीट पोचायच्या आतच त्या समुद्राची घडी विस्कटून झाली होती.

मग आलं संशोधन. अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्रात १९६२ ते १९७२ अणुभट्टी चालवली गेली. बंद केल्यावर तिथली हजारो टन दूषित माती आणि दगड जहाजानं अमेरिकेला न्यावे लागले. कचरा समुद्रावरच्या बर्फावर नेऊन ठेवायचा, उन्हाळ्यात बर्फ फुटला की तो आपसूक बुडेल, ही त्या काळची सर्रास पद्धत होती. १९८९ च्या जानेवारीत 'बाहिया पारायसो' हे अर्जेंटिनाचं जहाज द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळलं आणि सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात गेलं. ते सामान पोचवणारं सरकारी जहाज होतं, त्यावर पर्यटकही होते.

चित्र बदललं ते १९९१ च्या माद्रिद करारानं. कचरा परत न्या, बाहेरचे जीव आणू नका, कोणतंही काम करायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासा, असे नियम आले. स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा १९९४ पर्यंत खंडाबाहेर काढली गेली, कारण त्यांचे रोग सीलना होण्याची भीती होती. आपलं 'भारती' केंद्र २०१२ चं, ते १३४ कंटेनर जोडून बांधलंय. हेतू हा की उद्या काढायची वेळ आली तर उचलून नेता यावं.

विजापूर_वेस

२०४८ ला हा करार संपतोय आणि मग सगळे देश तिथं खाणी खोदणार, असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. खरं काय?

आकाश_एमएस्सी

@विजापूर_वेस, नाही, करार संपत नाही. मूळ अंटार्क्टिक करार १ डिसेंबर १९५९ रोजी १२ देशांनी केला. त्याला मुदतच नाही. माद्रिद करार १४ जानेवारी १९९८ पासून लागू झाला आणि त्याच्या सातव्या कलमानं खनिजांच्या कामाला बंदी आहे, फक्त संशोधन चालतं. तिथून ५० वर्षांनी, म्हणजे २०४८ नंतर, मतदानाचा हक्क असलेला कोणताही सदस्य देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढंच. बंदी उठवायची तर आधी खाणकामाबद्दल सगळ्यांना बांधील असा दुसरा कायदा जागेवर असावा लागतो. वाट सोपी नाही.

पण निर्धास्त राहण्यासारखंही नाही. १९८८ मध्ये खाणकामाला परवानगी देणारा करार तयार झाला होता, त्यावर सह्याही झाल्या होत्या. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स मागे हटले म्हणून तो बारगळला आणि त्याच्या जागी माद्रिद आला. दोन-तीन वर्षांत दिशा पूर्ण बदलली. एकदा चांगल्या बाजूला बदलली म्हणजे पुन्हा उलटी बदलणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

भारत १९८३ मध्ये करारात आला आणि त्याच वर्षी आपल्याला मताचा हक्क मिळाला. त्यामुळे हा विषय आपलाही आहे. २०२२ मध्ये आपल्या संसदेनं अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केलाय आणि मे २०२४ मध्ये करारातल्या देशांची बैठक कोचीला झाली.

विजापूर_वेस

धन्यवाद. पण तिथं खनिजं आहेत का मुळात?

भूगोलाच्या_बाई

हे माझ्या आवडीचं आहे, मी सांगते. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात कोळसा आहे. १९१२ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे साथीदार ध्रुवावरून परतताना मेले, तेव्हा त्यांच्या स्लेजवर जवळजवळ १६ किलो दगड होते. जीव जायची वेळ आली तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं होती. हीच पानं आपल्या विदर्भातल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशातही सापडतात, कारण तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन नावाच्या एकाच प्राचीन महाखंडात शेजारी होते. भारती केंद्र ज्या लार्समन टेकड्यांत आहे, तो किनारा एकेकाळी आपल्या पूर्व घाटाला लागून होता.

मुलं लगेच विचारतात, मग सोलापूरचा काळा दगडही तिथं मिळेल का? तो नाही मिळणार. आपला बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि तोवर भारत अंटार्क्टिकापासून सुटून कितीतरी उत्तरेला आला होता.

होटगी_रोड

सगळं पटलं. पण आता रोखठोक विचारतो. तिथला बर्फ वितळला तर समुद्र वाढेल, मुंबई-कोकणाला त्रास. आपण समुद्रापासून इतक्या लांब, साडेचारशे मीटर उंचीवर. सोलापूरकरानं याची काळजी का करायची?

उजनी_प्लस_मायनस

दादा, आकड्यांत सांगू का? उजनीचा पूर्ण साठा ११७ टीएमसी. म्हणजे ३.३ अब्ज टन पाणी. आपण उन्हाळाभर रोज सकाळी 'उजनी किती मायनसमध्ये' ते बघतो, म्हणून हे माप आपल्या डोळ्यासमोर आहे. अंटार्क्टिका गेली वीसेक वर्षं दरवर्षी सरासरी १५० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतोय. भागाकार करा. काठोकाठ भरलेली ४५ उजनी धरणं, दरवर्षी, समुद्रात. पडणाऱ्या हिमाची भर वजा जाऊन ही निव्वळ तूट आहे.

एवढं होऊनही समुद्र त्यानं वर्षाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी वाढतो, कारण समुद्र तेवढा मोठा आहे. पण अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ गेला तर समुद्र ५८ मीटर चढेल एवढा साठा तिथं आहे. सगळा काही आपल्या नातवंडांच्या काळात जाणार नाही. काळजी आहे ती पश्चिमेकडच्या भागाची. तिथं बर्फाचा तळ समुद्रसपाटीच्या खाली टेकलाय, आणि आत जावं तसा तळ आणखी खोल. खालून समुद्राचं तुलनेनं कोमट पाणी शिरतं आणि बर्फ तळाकडून झिजवतं. थ्वेट्स हिमनदीकडे सगळ्यांचं लक्ष आहे ते यासाठी.

आणि सोलापूरचा संबंध म्हणाल तर आपला पाऊस येतो कुठून? दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला मस्कारेन नावाचा जास्त दाबाचा पट्टा आहे. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून नैऋत्य मोसमी वारे होतात. त्या महासागराचा दक्षिण काठ म्हणजे अंटार्क्टिका. पाणी आणि हवा यांना जिल्ह्याची हद्द नसते.

क्रूझवाले_वकील

नमस्कार. ज्या जोडप्यावरून बाईंनी धागा काढला ते आम्हीच. सगळं वाचलं, सौ.नंही वाचलं. बुकिंग झालेलं आहे, पैसे भरले आहेत आणि मनापासून जायचं आहे, हे आधी सांगतो. पण इथं वाचल्यावर नुसतं "नियम पाळू" म्हणून सुटका होणार नाही असं वाटतंय. नेमकं काय करायचं ते सांगा.

आकाश_एमएस्सी

वकीलसाहेब, तुम्ही विचारलंत हेच बरं वाटलं.

जहाज बघून घ्या. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना माणसं उतरवायची परवानगी नसते, आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त लोक उतरवता येत नाहीत. कंपनी 'आयाटो' या पर्यटन संघटनेची सदस्य आहे का ते विचारा. ही संघटना १९९१ पासून हे नियम राबवते. जड इंधन तेल त्या समुद्रात २०११ पासून बंद आहे, तरी धूर असतोच. जहाजांच्या आणि केंद्रांच्या धुरातली काजळी आसपासच्या हिमावर बसते. ताजा हिम ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतो, काजळी बसली की तेवढं फेकत नाही आणि लवकर वितळतो.

किनाऱ्यावर प्राण्यांपासून किमान पाच मीटर. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर तुम्ही थांबायचं, वाट त्याची. खाली बसायचं नाही, पिशवी जमिनीवर टेकवायची नाही. बर्ड फ्लूमुळे हे फार कडक झालंय. तो विषाणू २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिण जॉर्जियाला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्य भूमीवर पोचला.

माळढोक_आणि_मी

आणि बिया! वकीलसाहेब, हे माझ्याकडून ऐका, कारण मी रोज कुसळं काढतो.

आपल्या माळावरून एक फेरी मारून आलात की मोज्यांत, बुटाच्या लेसमध्ये, पँटच्या दुमडीत कुसळं रुतलेली असतात. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्याला मागे वळलेले बारीक केस, म्हणून ते आत जातं पण बाहेर येत नाही. ओल लागली की पीळ उलगडतो आणि बी स्वतः फिरत मातीत शिरतं. धुतल्यानंही निघत नाही, चिमट्यानं एकेक ओढावं लागतं. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे-बॅगा तपासून एक मोठा अभ्यास झालाय. त्यात माणशी सरासरी नऊच्या वर बिया निघाल्या होत्या. किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं एक साधं लॉनचं गवत रुजून बसलंय, ते उपटून काढायचे प्रयत्न चालू आहेत.

आपलं कुसळ तिथल्या थंडीत तगणार नाही, असं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या बॅगेत उश्वायाच्या बागेतलं, सिमल्याच्या मागच्या सहलीतलं, कुठलंही बी असू शकतं. शक्यतो नवे मोजे न्या. बूट ब्रशनं तळापासून घासा. कॅमेऱ्याच्या बॅगेचे कप्पे उलटे करून व्हॅक्यूम करा. वेल्क्रोची पट्टी तर भिंगाखाली बघा, बारीक बी तिथंच अडकतं. जहाजावर तपासतात, पण घरून निघतानाच करा.

क्रूझवाले_वकील

वेल्क्रोचं डोक्यातच आलं नव्हतं. सौ. म्हणते तपासणी तिची, चिमटा माझा. मनापासून आभार. नन्नजला एकदा तुमच्याबरोबर यायचं आहे, ते जाऊन आल्यावर नको, आधीच येतो. मात्र ते बूट वेगळे ठेवीन.

सिद्धेश्वर_पेठ

उत्तर ध्रुवाची परिस्थिती वेगळी आहे का? तिकडेही आपलं केंद्र आहे ना?

भूगोलाच्या_बाई

हो, स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री', २००८ पासून. रचना अगदी उलटी आहे. दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन, उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र. तिकडे हजारो वर्षांपासून माणसं राहतात, गावं आहेत, खाणी आहेत, तेलाच्या विहिरी आहेत. त्यामुळे "माणसाला बाहेर ठेवा" हा उपाय तिथं लागू नाही. आर्क्टिक भाग जगाच्या सरासरीच्या चौपट वेगानं तापतोय. वर्षानुवर्षं गोठलेली जमीन मऊ पडली की तिच्यावरची बांधकामं खचतात. मे २०२० मध्ये रशियातल्या नोरिल्स्कला खालचे आधार खचून डिझेलची टाकी फुटली आणि सुमारे २१ हजार टन तेल नद्यांत आणि मातीत गेलं. फिटर काकांचे चार थेंब आठवा आणि मग हा आकडा वाचा.

उत्तरेसाठी वेगळा धागा काढावा लागेल. इथं त्याला न्याय मिळणार नाही.

होटगी_रोड

कधी काही सुधारलं पण आहे का, की सगळं खालीच चाललंय? वाचून मन खट्टू झालं.

आकाश_एमएस्सी

सुधारलंय ना! ओझोनचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली केंद्रावरच्या नोंदींवरून दाखवलं की दर वसंतात अंटार्क्टिकावरचा ओझोन झपाट्यानं घटतोय. कारण होतं आपल्या फ्रिज-एसीतले आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू. ते सोडले जगभर, भोक पडलं तिकडे, कारण तिथल्या कडाक्याच्या थंडीत वर जे ढग तयार होतात त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो. दोन वर्षांत, १९८७ ला, माँट्रियल करार झाला. ते वायू बंद होत गेले आणि आता साधारण २०६६ पर्यंत तिथला थर १९८० च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे.

देवमाशांच्या काही जातीही सावरतायत, कुबड्या देवमासा तर चांगलाच. रॉस समुद्रात २०१७ पासून साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र आहे.

आशा_जुळे_सोलापूर

मी फक्त वाचत होते, पण एक विचारते. मला सांधेदुखीसाठी कुणीतरी क्रिल ऑइलच्या गोळ्या घ्यायला सांगितल्यात. हे क्रिल म्हणजे तिथलंच का?

आकाश_एमएस्सी

हो ताई, तिथलंच. कोळंबीसारखा दोन-अडीच इंची जीव, थव्यानं राहतो. देवमासा, सील, पेंग्विन, सगळ्यांचं पोट त्यावर. लहान असताना तो समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शैवाल खरवडून हिवाळा काढतो, म्हणून तो बर्फ कमी झाला की त्याचंही अवघड. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बर्फ उपग्रह नोंदींतल्या तोवरच्या सगळ्यात कमी पातळीवर गेला होता.

मासेमारीला मर्यादा आहे. द्वीपकल्पाच्या बाजूच्या मोठ्या पट्ट्यात मिळून वर्षाला ६ लाख २० हजार टन. एकूण क्रिलच्या मानानं ती थोडी वाटते. पण जहाजं थवे असतात तिथेच जाळी टाकतात आणि पेंग्विनही पिल्लांसाठी तिथूनच घास नेतो. बाईंनी सुरुवातीला जमिनीबद्दल जे सांगितलं तेच इथं पाण्यात होतंय.

आशा_जुळे_सोलापूर

अगं बाई! मला वाटलं कुठल्या तरी झाडाचं तेल असेल. मग काय घ्यावं?

भूगोलाच्या_बाई

आशाताई, औषधाचं डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून बंद-चालू करू नका. क्रिलच हवं आहे की ओमेगा-३ हवं आहे, असं विचारून बघा. शैवालापासून काढलेलं ओमेगा-३ सुद्धा बाजारात मिळतं. आपल्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असतं. ते वेगळ्या प्रकारचं, शरीराला त्यातलं थोडंच वापरता येतं, त्यामुळे गोळीच्या ऐवजी तेच पुरेल का हेही डॉक्टरच सांगतील.

आशा_जुळे_सोलापूर

सोमवारी दवाखान्यात जायचंच आहे. बाटली बरोबर घेऊन जाते आणि विचारते. काय म्हणाले ते इथं लिहीन.